महिरपी कंस

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता एआयवर बोला म्हणून सांगतील. सॉफ्टवेअरमध्ये वीस-पंचवीस वर्षं काढली की लोक एकतर एआयबद्दल विचारतात, नाहीतर प्रिंटर दुरुस्त करून मागतात. पण समितीतली मैत्रीण म्हणाली, "तुझं ऑफिस नको बाई. तू ग्रुपवर वाईचे फोटो टाकतेस, ते कसे काढतेस तेवढं सांग. आपल्या सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे आणि सगळ्यांचे फोटो सारखेच येतात."

तेव्हा पुढची वीस मिनिटं मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे: चौकट. फोटो काढून झाल्यावर भिंतीवर टांगायची नव्हे, तर फोटो काढताना समोर आधीच उभी असलेली. दाराची, खिडकीची, कमानीची, वडाच्या पारंब्यांची, डोंगरातल्या खिंडीची. ती वापरून आपल्याला जे दाखवायचं ते कसं दाखवायचं, हे सांगते. आणि शेवटी एक जुनी चूक कबूल करायची आहे. तीही चौकटीचीच आहे.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. आपल्या आज्या पानाभोवती रांगोळीची महिरप काढायच्या. जेवण तेच असायचं, पण महिरपीमुळे ते पान त्या माणसाचं व्हायचं. गणपतीला आपण मखर करतो. मूर्तीमागे प्रभावळ असते. आणि गणिताच्या तासाला फळ्यावर तीन कंस असायचे: साधा कंस, महिरपी कंस आणि चौकटी कंस. आपले सर म्हणायचे, "आधी आतला कंस सोडवा, बाहेरचं नंतर." सर, तुम्हाला सांगायला आनंद वाटतो की मी आज पोटासाठी जे लिहिते त्यात दर चौथ्या-पाचव्या ओळीला एक महिरपी कंस असतो. कंसाच्या आत जे आहे त्याला एक नियम, बाहेर जे आहे त्याला दुसरा. फोटोतली चौकट हेच काम करते. बघणाऱ्याला सांगते, आधी हे आतलं सोडव.

मला हे उशिरा कळलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पुण्यात अकराव्या मजल्यावर आम्ही चौघं, दोन लॅपटॉप आणि मुलांची ऑनलाइन शाळा. हौसेनं घेतलेला कॅमेरा कपाटात पडून होता, तो काढला. बाहेर जायची सोय नव्हती. रोज सकाळी सातच्या सुमारास खालच्या रिकाम्या रस्त्यावर एक सफाई कामगार बाई झाडू मारायच्या. मी बाल्कनीच्या ग्रिलमधून हात बाहेर काढून, कॅमेरा बाहेर धरून त्यांचे फोटो काढायची. आठ दिवस काढले. सगळ्या फोटोंत एक मोठा रस्ता आणि एक ठिपका. मग एके दिवशी कंटाळून आतूनच काढला. दोन्ही बाजूंना ग्रिलचे काळे गज, मधल्या फटीत रस्ता आणि त्यात त्या बाई. तो पहिला फोटो, ज्याकडे माझ्या मुलीने थांबून बघितलं.

का थांबली असेल, याचा मी बराच विचार केला. चौकट तीन कामं करते. एक, नजर इकडेतिकडे भटकू देत नाही. दोन, सपाट फोटोला खोली देते, कारण जवळचं काहीतरी आणि लांबचं काहीतरी एकाच वेळी दिसतं. तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोटो काढणारा कुठे उभा आहे, हे ती सांगून टाकते. त्या गजांमुळे कळत होतं की मी घरात सुरक्षित बसले आहे आणि त्या बाई बाहेर आहेत. हात बाहेर काढून घेतलेल्या फोटोंत मी ते लपवत होते.

आता आपल्या गावात येऊ. वाईकरांना चौकटी शोधायला कुठे जावं लागत नाही. गणपती घाटावर या. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. पुराचं पाणी दुभंगावं म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली, हे आपण शाळेच्या सहलीत ऐकलं आहे. बहुतेक लोक घाटाच्या मधोमध उभे राहून देवळाचा फोटो काढतात. त्यात देऊळ येतं, आणि सोबत दोन मोटारसायकली, विजेच्या तारा आणि कुणाची तरी पाठ येते. त्याऐवजी देवळातच जा, दाराच्या आत चार पावलं उभे राहा आणि बाहेर बघा. दाराची दगडी चौकट, तिच्यात घाटाच्या पायऱ्या, मागे कृष्णा. तारा आणि मोटारसायकली भिंतीमागे गेल्या. एक रुपया खर्च न करता.

मेणवलीला तर हे शिकण्यासाठीच जावं. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे घाट आणि घाटावरच्या छोट्या दगडी देवळीत टांगलेली ती घंटा. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी आप्पांच्या विजयाची खूण म्हणून आलेल्या घंटांपैकी ती एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. 'स्वदेस' चित्रपटाचं चित्रीकरण मेणवलीत झाल्यापासून तिथे गर्दी वाढली आहे. मी तिथे पहिल्यांदा फोटो काढले तेव्हा घंटा नुसता काळा गोळा आली, किंवा घंटा दिसली आणि मागची नदी पांढरीफटक गेली. तुम्हा सगळ्यांचं हेच होतं, म्हणून कारण सांगते.

आपला डोळा सावलीतलं आणि उन्हातलं एकाच वेळी निभावून नेतो. कॅमेऱ्याला तेवढं झेपत नाही. आजचे फोन पटापट कमी-जास्त उजेडाचे दोन-चार फोटो काढून ते एकमेकांत मिसळतात, म्हणून थोडं सावरतं. पण कमानीच्या आतून बाहेरचा फोटो काढताना तुम्हालाच ठरवावं लागतं, की मला काय दाखवायचं आहे. बाहेरचा माणूस दाखवायचा असेल तर स्क्रीनवर त्या माणसावर बोट टेका. बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येईल, ते थोडं खाली ओढा. कमान काळी होईल. होऊ द्या. काळी कमान ही उत्तम चौकट आहे. तिच्यावरची पानं, डाग, "अमुक लव्हज तमुक" सगळं अंधारात जातं. आणि घंटेसारखी वस्तू दाखवायची असेल, तर बाजूने उजेड येतो त्या वेळी जा. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर. भर दुपारी बारा वाजता कुठलाही कॅमेरा मदतीला येत नाही.

आणखी काही गोष्टी मी चुका करून शिकले आहे. कमानीत माणूस उभा करताना त्याचं डोकं कमानीच्या कडेला चिकटू देऊ नका. डोक्याभोवती मोकळी जागा हवी, नाहीतर कमान टोपीसारखी दिसते. फोन वर तिरका केला की खांब आत झुकतात, म्हणून फोन सरळ धरा आणि स्वतः मागे सरका. कमान अर्धी कापू नका, पूर्ण घ्या किंवा तिची एकच बाजू ठामपणे घ्या. जवळच्या फांदीतून लांबचा डोंगर काढताना कॅमेरा हटकून फांदीवर फोकस करतो, तेव्हा डोंगरावर बोट टेका. मोठा कॅमेरा असेल तर फांदी धूसर ठेवायला छिद्र मोठं करा, म्हणजे एफ/२.८ च्या आसपास. फांदी आणि डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील तर एफ/८, एफ/११ कडे जा.

निसर्गातली चौकट जास्त अवघड असते, कारण ती सरळ रेषेत नसते आणि हलते. पसरणी घाटात पावसाळ्यात धुकं फाटतं आणि त्या भोकातून दोन मिनिटं वाई दिसते. महाबळेश्वरला केट्स पॉइंटजवळ निडल होलला खडकालाच भोक आहे, ती तरी जागची हलत नाही. पण मला सगळ्यात आवडतात वडाच्या पारंब्या. शेतावरून येणारी माणसं त्यांच्या मधून जातात तेव्हा प्रत्येकाला क्षणभर आपली स्वतःची चौकट मिळते.

इथे दोन मोठ्या लोकांची आठवण काढते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९३२ साली इएर गावात एक फोटो काढला. जिन्याच्या वरून, पायऱ्या आणि कठड्याच्या वळणातून खाली रस्ता दिसतो आणि त्यावरून एक सायकलस्वार सर्रकन जातो आहे. जिना कुठे जाणार नव्हता, सायकल क्षणभरच तिथे होती. मी यावरून एवढं शिकले, की आधी चौकट निवडायची, मग गुपचूप उभं राहायचं. माणसं येतात. गणपती घाटावर मी एकदा एका दारात पाऊण तास उभी होते. शेवटी एका आजीबाईंनी विचारलं, "कुणाची वाट बघतेस गं?" मी म्हटलं, "तुमचीच." तो फोटो मगाशी पडद्यावर पाहिलात.

दुसरे आपले रघुवीर सिंग. जयपूरचे, भारतात रंगीत छायाचित्रणाला मोठं करणाऱ्यांपैकी. त्यांनी ॲम्बेसेडर गाडीतून देशभर फिरताना गाडीची काच, उघडं दार, आरसा यांच्याच चौकटीतून फोटो काढले. त्यांचं निधन १९९९ साली झालं आणि ते पुस्तक २००२ साली आलं. त्या फोटोंत गाडी लपवलेली नाही. मी गाडीत बसून हा देश बघतो आहे, हे ते प्रत्येक फोटोत कबूल करतात. मला ते फार प्रामाणिक वाटतं.

आता मघाशी म्हणाले त्या चुकीकडे येते.

या स्मरणिकेसाठी जुने फोटो स्कॅन करायचं काम समितीने माझ्याकडे दिलं. त्यात आपला दहावीचा वर्गाचा फोटो होता. तुम्हा सर्वांकडे असेल. वर्गाच्या बाहेर, व्हरांड्यासमोर, पुढे खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकांवर दोन रांगा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली छापील नावं. वर्गात आपण ५२ जण होतो. फोटोखाली ५१ नावं आहेत आणि शेवटी बारीक अक्षरात "अनुपस्थित" म्हणून एक नाव.

मी मॉनिटर होते. उंचीप्रमाणे रांगा मी लावल्या. त्या दिवशी एक मुलगी गणवेशाच्या पांढऱ्या ब्लाउजऐवजी पिवळसर, फुलांचा ब्लाउज घालून आली होती. पायात रबरी चपला. ती रांगेत येऊन उभी राहिली तेव्हा मी तिला म्हणाले, "तू नको आज. फोटो खराब दिसेल." मला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. सरांनी नाही, बाईंनी नाही, फोटोवाल्या काकांनीही नाही. ते वाक्य माझं होतं. ती काही न बोलता बाजूला झाली, आणि मी पुढची रांग लावायला गेले. नंतर नावांची यादी मीच लिहून दिली. "अनुपस्थित" हा शब्दही माझाच.

खरं सांगते, हे मी विसरले होते. तीस वर्षांत एकदाही आठवलं नाही. स्कॅन केल्यावर धूळ आणि ओरखडे काढायला मी तो फोटो संगणकावर मोठा केला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, इंचइंच साफ करत गेले. मागच्या रांगेच्या टोकाला, व्हरांड्यापलीकडे वर्गाची खिडकी आहे. तिच्या गजांमध्ये काहीतरी फिकट दिसलं. मला आधी डाग वाटला. तो पुसायला म्हणून अजून मोठा केला, तर चेहरा होता.

ती वर्गात जाऊन खिडकीशी उभी राहिली होती. आत अंधार, चेहऱ्यावर बाहेरचा मऊ उजेड, दोन्ही बाजूंना गज, वर लाकडी चौकट. डोक्याभोवती मोकळी जागा. नजर थेट कॅमेऱ्यात. मी आत्ता तुम्हाला जे जे नियम सांगितले, ते सगळे तिथे होते. आपण ५१ जण उन्हात डोळे बारीक करून उभे आहोत, कुणी हललं आहे, कुणाचे डोळे मिटले आहेत. त्या फोटोत नीट आलेली एकच व्यक्ती आहे, आणि ती अनुपस्थित आहे.

माझ्या हातात त्या वेळी माउस होता. एका क्लिकमध्ये तो डाग म्हणून पुसला गेला असता. मी त्या रात्री काम तिथेच थांबवलं.

नंबर मिळवायला दोन आठवडे लागले. ती आपल्या ग्रुपवर नाही, कुणी घेतलंच नव्हतं. आता ती जिल्ह्यातच असते, स्वतःचं दुकान चालवते. मी नाव सांगितल्यावर म्हणाली, "अगं, तू? मॉनिटर!" थोडं इकडचं-तिकडचं झालं. मग मी तो दिवस सांगितला आणि विचारलं, "तुला आठवतं का गं?" मला मनातून वाटत होतं की ती नाही म्हणेल आणि मी सुटेन.

ती म्हणाली, "आठवतं की. ब्लाउज धुतलेला वाळला नव्हता. पाऊस होता आदल्या दिवशी." मग म्हणाली, "म्हणून तर आत गेले. म्हटलं, खिडकीतून तरी येईन. नंतर फोटो ऑफिसबाहेर लावला होता, तो मी रोज जाता-येता बघायची. मी दिसत होते. मला माहीत होतं ना कुठे बघायचं ते."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ते ठेव बाजूला. आता काय त्याचं. पण ते खाली नाव तेवढं दुरुस्त कर. मी हजर होते."

एवढंच तिचं मागणं आहे. मी तिला विचारून हे सगळं आज सांगते आहे. तिचं नाव इथे घेत नाही, कारण ती म्हणाली, "भाषणात नको, फोटोखाली लिही." तेव्हा समितीला माझी विनंती आहे, की स्मरणिकेत तो फोटो छापताना "अनुपस्थित" ही ओळ काढावी, मागच्या रांगेच्या नावांनंतर "खिडकीत" असं लिहून तिचं नाव घालावं, आणि कुठल्याही कारणाने ती डावी बाजू कापू नये. मांडणीत बसत नसेल तर बाकी फोटो लहान करा.

चौकटीबद्दल शिकवताना सगळे सांगतात, की नको ते बाहेर ठेवा. मीही मगाशी तेच सांगितलं, मोटारसायकल आणि तारा भिंतीमागे घालवा म्हणून. तारांच्या बाबतीत ते ठीक आहे. माणसांच्या बाबतीत मी आता बटण दाबण्याआधी कॅमेरा खाली करते आणि चौकटीच्या चारही बाजूंना एकदा बघून घेते, कोण राहिलं आहे का. आमच्या कामात प्रोग्रॅम चालवण्याआधी कडेची उदाहरणं तपासतात. मधली सगळी बरोबर चालतात, चूक नेहमी कडेला सापडते. हे मला नोकरीत पहिल्या वर्षी शिकवलं गेलं. शाळेत मॉनिटर असताना माहीत असतं तर बरं झालं असतं.

आज चार वाजता आपला फोटो आहे, त्याच व्हरांड्यासमोर. या वेळी उन्हात नाही, आपण व्हरांड्याच्या कमानीखाली सावलीत उभे राहू, म्हणजे कुणाचे डोळे मिटणार नाहीत. शिपाईमामा, स्वयंपाकघरातल्या मावशी, ज्यांनी मांडव घातला ते, सगळ्यांनी यायचं आहे. मी तिला आजचं आमंत्रण दिलं आहे. "बघते, दुकानाचं काय होतंय," असं म्हणाली. ती आली आणि दाराशी घुटमळताना कुणाला दिसली, तर हाताला धरून आत आणा.

रांगा मीच लावणार आहे. कोण काय घालून आलं आहे ते बघणार नाही. उंचीही बघणार नाही, कारण आता आपण सगळे आडवेच वाढलो आहोत. आणि यादी लिहिण्याआधी खिडक्या बघणार आहे.